बंदीचे व्याकरण : पांगुळगाडा, वॉकर आणि आपण

सरकारी बंदीची बाजू घेऊन लिहिण्याची वेळ आमच्यावर कधी येईल असे वाटले नव्हते. साहित्याच्या विद्यार्थ्याला ‘बंदी’ हा शब्द ऐकताच आठवतात ती जप्त झालेली पुस्तके, बंद पाडलेले प्रयोग, कात्री लागलेले संवाद. आमची घडणच अशी झाली आहे की, बंदी म्हटली की ती कशावर आहे हे विचारण्याआधीच आम्ही तिच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभे राहतो. ही सवय वाईट नाही. तिने अनेकदा आपली लाज राखली आहे. परंतु सवय विचाराच्या जागी बसू लागली की गफलत होते. पुस्तकाने डोके बिघडते असे म्हणणारा आणि वॉकरने डोके फुटते असे म्हणणारा, हे दोघे एकच गोष्ट सांगत नसतात. पहिल्याचे विधान तपासायला कोणतीही प्रयोगशाळा नाही. दुसऱ्याचे विधान तपासायला तालुक्याच्या दवाखान्यातील केसपेपर पुरेसे आहेत.

हे लिहिण्यास निमित्त झाले ते आमच्याच वर्तुळातील बोलण्याचे. मुलांच्या खेळण्यांवर आणि बाळांच्या सामानावर सरकारने घातलेल्या निर्बंधांचा विषय निघाला की आपल्याकडे एक ठरलेला सूर लागतो. आम्ही चिंचोके, बिट्ट्या, गोट्या खेळलो. पत्र्याच्या गाडीने हात कापला तर त्यावर हळद दाबली. टिकल्यांची बंदूक कानाशी वाजवली. आम्हांला काय झाले? आता म्हणे खेळण्यालाही शिक्का हवा! या सुरात लिहिलेले स्मरणरंजनपर लेख आम्ही वाचले आहेत, एखाददुसरा लिहिलाही असेल. त्या युक्तिवादातील उघड खोट आमच्या लक्षात यायला मात्र फार उशीर लागला. ज्यांना काही झाले, ते बालपणाच्या आठवणी लिहायला मागे राहत नाहीत. ललित गद्य ही वाचलेल्यांची साक्ष असते, आणि वाचलेल्यांच्या साक्षीवरून अपघाताचे प्रमाण काढता येत नाही.

आमच्या लक्षात ते कसे आले, हे सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागातील एका सहकाऱ्याच्या मुलीच्या बारशाला आम्ही सर्वांनी वर्गणी काढून वॉकर दिला. गोल चौकट, मधे कापडी बैठक, खाली सहा चाके, पुढे वाजणारी बटणे. नऊ महिन्यांची ती मुलगी त्यात बसून घरभर फिरत असे आणि आम्ही तिच्या ‘चालण्याचे’ कौतुक करीत असू. एके संध्याकाळी उंबऱ्याशी चाक अडखळले नाही. ती वॉकरसकट ओट्यावरून चार पायऱ्या खाली अंगणातल्या फरशीवर गेली. डोक्याला मार, उलट्या, रातोरात जिल्ह्याच्या गावी धाव, दोन दिवस डॉक्टरांच्या निगराणीखाली. मुलगी सुखरूप आहे, शाळेत जाते. तिची आई त्या वेळी त्याच खोलीत, तीन पावलांवर होती. तरीही दुसऱ्या दिवसापासून नात्यागोत्यात एकच वाक्य फिरू लागले : ‘आईचे लक्ष नव्हते.’

त्या वॉकरच्या खोक्यावर सूचना होती. ती इंग्रजीत होती, खालच्या बाजूस, मुंगीएवढ्या अक्षरात. ‘मोठ्यांच्या देखरेखीखालीच वापरावे’ अशा अर्थाची. भाषा शिकवून पोट भरणाऱ्या आम्हां पाचसहा माणसांपैकी एकानेही ती वाचली नव्हती. ही कबुली आधी देतो, म्हणजे पुढे जे म्हणायचे आहे ते दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हटले आहे असे वाटणार नाही.

त्या सूचनेचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. तिच्यात कर्ता नाही. वस्तू कोणी घडवली, कोणी विकली, तिच्यात दोष काय, यांपैकी एकही गोष्ट ती सांगत नाही. उलट ‘देखरेख’ हा शब्द वापरून ती अपघाताचे कर्तेपण आधीच घरातील बाईच्या नावे लिहून ठेवते. ‘आईचे लक्ष नव्हते’ हे आमच्या नातेवाइकांचे वाक्य मूळचे त्यांचे नव्हतेच. ते खोक्यावर छापून आले होते; आपण केवळ त्याचा मराठी अनुवाद केला.

हा अनुवाद खोटा आहे याचा पुरावा जुना आहे. १९९७ साली अमेरिकेत ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वॉकरमुळे जखमी होऊन एका रुग्णालयात आणलेल्या २७१ मुलांचा तो अभ्यास होता. त्यांतील बहुतेक सर्व, म्हणजे ९६ टक्के, जिन्यावरून पडली होती, आणि ७८ टक्के प्रसंगी मुलाजवळ लक्ष ठेवणारे कोणी ना कोणी हजर होते. त्या लेखाचे शीर्षकच असे की, इशाऱ्याच्या चिठ्ठ्या आणि लोकशिक्षण असूनही वॉकरच्या दुखापती सुरूच आहेत. त्याच नियतकालिकात २०१८ साली आलेल्या मोठ्या अभ्यासाचा हिशेब सांगतो की, १९९० ते २०१४ या पंचवीस वर्षांत अमेरिकेतील आपत्कालीन विभागांत पंधरा महिन्यांखालील सुमारे दोन लाख तीस हजार मुलांवर वॉकरमुळे झालेल्या दुखापतींसाठी उपचार करावे लागले. नव्वद टक्क्यांहून अधिक जखमा डोक्याला व मानेला. कारण साधे आहे. वॉकरमधील मूल एका सेकंदात मीटरभर जाते. तेवढ्यात जागेवरून उठणेही मोठ्या माणसाला जमत नाही. येथे लक्ष असणे-नसणे हा प्रश्नच गैरलागू ठरतो.

कॅनडाने हे ओळखले. आधी तेथेही उद्योगाने स्वतःहून पाळायची मर्यादा होती, समजावणी होती; ते पुरेसे नाही असे दिसल्यावर एप्रिल २००४ मध्ये त्या देशाने बसून ढकलायच्या वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात यांवर सरसकट बंदी घातली. जुना वॉकर दारासमोर मांडून विकणेही तेथे गुन्हा आहे. एका जागी राहणारी, चाके नसलेली बैठक मात्र त्या बंदीत नाही. या तपशिलाला आम्ही महत्त्व देतो. ज्याने ती बंदी लिहिली त्याला वस्तूचा दोष नेमका कोठे आहे हे ठाऊक होते : दोष बैठकीत नाही, चाकात आहे. अमेरिकेने बंदीऐवजी २०१० साली सक्तीचे मानक आणले, पायरीच्या कडेला वॉकर थांबला पाहिजे अशी अट घातली, आणि त्यानंतरच्या चार वर्षांत दुखापती आधीच्या चार वर्षांच्या तुलनेत सुमारे तेवीस टक्क्यांनी घटल्या. हे थोडे नव्हे. पण उरलेली सत्त्याहत्तर टक्के मुले कोणाची, असे कोणी विचारले तर उत्तर नाही.

येथे आपल्या भाषेतला एक शब्द आठवतो. पांगुळगाडा. तीन चाकांचा, लाकडी, मुलाने मागून धरून ढकलायचा. समीक्षेत आपण हा शब्द हिणवण्यासाठी वापरतो. एखाद्या लेखकाने परक्या सिद्धान्ताचा पांगुळगाडा घेतला असे म्हणतो. वास्तविक हे साधन मोठे शहाणे आहे. मूल स्वतःच्या पायांवर उभे असते, स्वतःचे वजन स्वतः पेलते, हात सुटला तर जागच्या जागी बसते. त्याचा वेग त्याच्या पायांहून अधिक होत नाही असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल (गाडा पुढे पळून तोंडावर आपटलेली मुले आम्हीही पाहिली आहेत), पण तो मुलाला उचलून धरून त्याच्या शक्तीपलीकडचा वेग बहाल करीत नाही. वॉकर नेमके तेच करतो. शिवाय त्याने मूल लवकर चालते हीही समजूतच. बालरोगतज्ज्ञ उलट सांगतात की, चवड्यांवर ढकलत राहण्याच्या सवयीने चालणे लांबू शकते. आपल्या बोलण्यात मात्र ‘पांगुळगाडा’ अपमानाचा आणि ‘वॉकर’ प्रगतीचा शब्द होऊन बसला. शब्दांचे हे असे भाव आपणच ठरवतो, म्हणून याची जबाबदारी भाषेच्या माणसांनी झटकू नये.

आता आपल्या सरकारकडे वळू. भारतात वॉकरवर बंदी नाही. खेळण्यांवर मात्र निर्बंध आहेत, आणि ते कसे आले हे पाहिले की आमच्या तक्रारीचे मूळ कळेल. २००७ हे जगभर खेळणी परत मागवण्याचे वर्ष ठरले. मॅटेल या बड्या अमेरिकन कंपनीने त्या ऑगस्टमध्ये सुटे होणारे लोहचुंबक असलेली सुमारे एक कोटी ऐंशी लाख खेळणी परत मागवली. काही खेळण्यांच्या रंगात शिसे सापडले. ‘चिनी खेळणी’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून शिवीसारखा रूढ झाला. सप्टेंबरमध्ये त्याच कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने बीजिंगला जाऊन जाहीर माफी मागितली आणि मान्य केले की, परत मागवलेल्यांपैकी बहुसंख्य खेळण्यांचा दोष चिनी कारखान्यातील नव्हे, कंपनीच्या स्वतःच्या आराखड्यातील होता. ही माफी आपल्याकडे फारशी कोणाच्या स्मरणात नाही. शिवी मात्र टिकली.

तिच्यावरच २३ जानेवारी २००९ रोजी भारताचा आदेश उभा राहिला : चीनमधून येणाऱ्या खेळण्यांवर सहा महिने बंदी. दीडएक महिन्यातच तो सैल करून, ठरावीक मानकांचे प्रमाणपत्र असलेल्या मालाला वाट देण्यात आली. आमचा आक्षेप सैल करण्याला नाही, मूळ वाक्यरचनेला आहे. त्या वाक्यात ‘शिसे’ हे कर्म नव्हते, ‘चीन’ हे होते. आपल्या गल्लीत ओतलेल्या प्लॅस्टिकच्या खुळखुळ्याला तेव्हा कोणतेही सक्तीचे मानक नव्हते. शिशाला नागरिकत्व नसते. ते रंगात असले की मुलाच्या रक्तात उतरते, मग रंग कोठल्याही गावचा असो.

पुढे २०२० च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालील मुलांची खेळणी, देशी असोत वा परदेशी, आयएसआय शिक्क्याविना बनवता, आणता, विकता येत नाहीत. अणकुचीदार कडा, सुटणारे भाग, पेट घेण्याचा धोका, शिसे आणि इतर विषारी धातू, प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट द्रव्ये, यांच्या चाचण्या त्यात आहेत. हा आदेश चांगला आहे, हे आम्ही स्वच्छपणे म्हणतो. त्याआधी गुणवत्ता परिषदेने केलेल्या तपासणीत आयात खेळण्यांपैकी सुमारे ६७ टक्के नापास झाली होती. त्या पार्श्वभूमीवर स्मरणरंजनाच्या लेखांना फारसा अर्थ उरत नाही.

पण आदेश वाचावा लागतो, आणि वाचणे हे आमचे काम आहे. त्याची सारी व्याख्या ‘खेळण्यासाठी’ या शब्दावर उभी आहे. मुलांनी खेळण्यासाठी योजलेली वस्तू ती खेळणे. मग ज्या वस्तूत बाळाला बसवायचे, निजवायचे, बांधायचे, ती? हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही आमच्या गावच्या बाजारपेठेतील एका दुकानात गेलो. वॉकर ओळीने टांगलेले होते. शिक्का कोठे आहे असे विचारले, तेव्हा दुकानदार शांतपणे म्हणाला, ‘सर, शिक्का खेळण्याला लागतो. हे खेळणं नाही.’ आमच्या पदव्युत्तर वर्गातही इतके काटेकोर शब्दार्थविवेचन क्वचितच होते. पुढची वाजणारी बटणे खेळणे, आणि ज्या चौकटीवर ती बसवली आहेत ती चौकट खेळणे नव्हे!

या आदेशाचे यश सरकार कशात मोजते, तेही पाहावे. वाणिज्य मंत्रालयाने वारंवार सांगितले की, २०१४-१५ च्या तुलनेत २०२२-२३ मध्ये खेळण्यांची आयात ५२ टक्क्यांनी घटली आणि निर्यात २३९ टक्क्यांनी वाढली. आनंद आहे. आयातशुल्कही २० टक्क्यांवरून आधी ६० आणि मग ७० टक्क्यांवर नेले गेले. पण या सगळ्यात मूल कोठे आहे? किती मुलांच्या घशात अडकलेले भाग कमी झाले, किती जणांच्या रक्तातले शिसे उतरले, किती डोकी फुटायची राहिली, याचा आकडा या यशोगाथेत नाही. वर सांगितलेले अमेरिकेचे आकडे कोठून आले? तेथे निवडक रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतून, कोणत्या वस्तूमुळे कोणती इजा झाली, याची नोंद सतत गोळा केली जाते. कॅनडातही तशी व्यवस्था आहे. आमच्या सहकाऱ्याच्या मुलीच्या केसपेपरवर ‘घरी पडून डोक्यास मार’ एवढेच लिहिलेले आहे. त्यात ‘वॉकर’ हा शब्द नाही. ज्या वस्तूचे नाव कागदावर येत नाही तिच्यावर बंदी येणार तरी कशी?

एक सवलतही या आदेशात नंतर आली, आणि तिच्याविषयी बोलताना आमची जीभ अडखळते, कारण ती आमच्या प्रेमाच्या विषयाला मिळालेली आहे. हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिरांची खेळणी आणि भौगोलिक निर्देशांक मिळालेल्यांची उत्पादने यांना शिक्क्याची सक्ती नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतली पांगाऱ्याच्या लाकडाची फळे पाहत आमच्यातील एकाचे बालपण गेले. चन्नपट्टणच्या लाखेच्या रंगांची खेळणी आमच्या घरांत आहेत. कारागिराला प्रयोगशाळेचा खर्च झेपत नाही हे अगदी खरे आहे. पण त्यावरचा उपाय तपासणी माफ करणे हा नाही, तपासणीचे शुल्क माफ करणे हा आहे. नमुना घ्यावा, सरकारने स्वतःच्या पैशाने तपासावा, रंग चुकीचा निघाला तर योग्य रंग कोठे मिळेल ते सांगावे. घरगुती रंगांतील शिशाला २०१७ च्या नोव्हेंबरपासून दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा आहे. ती कारागिराच्या वाटीपर्यंत पोहोचली की नाही हे कोणीतरी पाहायला हवे. परंपरेला तपासणीतून सूट देणे हा परंपरेचा आदर नव्हे. ‘आपलेच आहे, चालायचे’ या वृत्तीला आदर म्हणत नाहीत.

बंदी चांगली लिहिता येते, आपल्याच देशात लिहिली गेली आहे, म्हणून हा त्रागा. १९९२ चा बालदुग्धपर्याय व दूधबाटल्यांविषयीचा कायदा साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा वाचावा अशी आमची शिफारस आहे. तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आहे. त्याने दुधाची भुकटी बंद केली नाही, बाटली बंद केली नाही. कारण ज्या बाळाला ती खरोखरच लागते त्याला ती मिळालीच पाहिजे. त्याने बंद केली ती जाहिरात. एवढ्यावर तो थांबला नाही. डब्यावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र छापता येणार नाही असे त्याने सांगितले, आणि भुकटी मानवी दुधासारखी किंवा आईच्या दुधासारखी केली आहे असे सुचवणारी विशेषणे वापरण्यासही मनाई केली. एका विशेषणावर कायद्याने बंदी! गुबगुबीत बाळाचे चित्र हे चित्र नसून युक्तिवाद आहे, आणि विशेषण हे खोटे बोलण्याचे सर्वांत सोयीचे साधन आहे, हे त्या कायद्याच्या लेखकांना कळले होते. आम्ही शैलीविज्ञानाच्या तासाला वर्षानुवर्षे जे सांगत आलो, ते संसदेने काही कलमांत लिहून ठेवले होते आणि आम्हांला त्याचा पत्ता नव्हता.

तो कायदा वाचल्यावर वॉकरच्या खोक्याकडे पुन्हा पाहावे. हसरे बाळ, टाचा टेकलेल्या, समोर मोकळी सपाट जमीन. कोठेही उंबरा नाही, पायरी नाही, मोरी नाही. आपल्या घरांत काय असते? उंबराच असतो.

आता एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो आमच्याच एका सहकारी बाईंनी घेतला आणि तो स्मरणरंजनवाल्यांच्या आक्षेपापेक्षा कितीतरी वजनदार आहे. त्या म्हणाल्या, तुम्हां पुरुषांना बंदी सुचवणे सोपे आहे. एकटी बाई गॅसपाशी उभी असताना दोन हात आणि रांगते मूल यांचा मेळ वॉकरने बसतो. तो काढून घेतलात तर ती काय करील? मूल पाठीशी बांधील की दाराला दोरीने? आम्ही गप्प झालो, कारण हे खरे आहे. वॉकर चालायला शिकवण्यासाठी घेतला जातच नाही. तो बाईला वीस मिनिटे मोकळी मिळावीत म्हणून घेतला जातो. पण मग या वस्तूचा खरा अर्थ ‘घरात दुसरे माणूस नाही’ असा होतो, आणि त्यावरचे उत्तर सहा चाके हे असू शकत नाही. चाके काढलेली, एका जागी बसणारी तीच चौकट तिला तीच वीस मिनिटे देऊ शकते; कॅनडाने नेमकी ती राहू दिली. शिवाय जवळ पाळणाघर हवे, अंगणवाडीत दोन वर्षांखालील मुलांना जागा हवी, घरात पुरुषाचे हातही हवेत. यांतले शेवटचे कोणत्याही अधिसूचनेने येणार नाही, हे बाईंनी आम्हांला हसत सांगितले, आणि बंदीच्या मसुद्यावर सही केली.

तो मसुदा आम्ही ग्राहक व्यवहार खात्याला पाठवला आहे. सव्वा पानाचा आहे, मराठीत आहे. चाकांच्या वॉकरची विक्री व आयात बंद करावी. बाळाच्या सामानावरील सूचना राज्याच्या भाषेत, हातभर अंतरावरून वाचता येईल अशा अक्षरात असावी, आणि तिच्यात ‘देखरेख’ या शब्दाआधी धोक्याचे नाव असावे. दवाखान्यात आलेल्या जखमी मुलाच्या केसपेपरवर वस्तूचे नाव लिहिण्यासाठी एक रकाना असावा, एवढेच त्यात आहे. पोचपावती आली आहे, इंग्रजीत. विभागात पुढच्या महिन्यात आणखी एक बारसे आहे, आणि वर्गणीचे पाकीट परवाच टेबलावरून फिरून गेले.